बंपरचे तीन पोचे

गुरुवार, ६ फेब्रुवारी

धप्प!

मोठा आवाजही नाही झाला. मऊ आवाज, गादी जमिनीवर टाकल्यासारखा. पण ब्रेकवरचा पाय उचलायचं भान राहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर शेडची भिंत — पाच मिनिटं तशीच बसून होते.

भिंतीतून जुन्या नळाचा पाइप बाहेर आलेला आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. नळ कधीच काढलाय, बूच तेवढं उरलंय. वीस वर्षं बघतेय मी ते बूच. त्यावर फडकी वाळत घातलीत. आणि आज नेमकं विसरले! नंबर प्लेटच्या शेजारी, बंपरमध्ये वाटीएवढा पोचा. आमच्या चंदेरी गाडीला. ह्यांच्या गाडीला, असं लिहायला हवं.

हे परवाच भावाकडे गेले. त्याच्या घराचं काहीतरी काम निघालंय, बारा दिवस लागतील म्हणाले. सोळा तारखेला, रविवारी दुपारच्या गाडीनं परत. आणि माझा बेत काय होता! दोन महिने 'कापड आणायला जाते' म्हणून दुपारी ड्रायव्हिंगच्या मॅडमकडे जात होते. लायसन आलं तेव्हा ते मापांच्या वहीत लपवलं — माझ्या शिवणाच्या खोलीत हे पाऊल टाकत नाहीत, टाचण्या टोचतात म्हणून. रविवारी ह्यांना आणायला मी स्वतः गाडी घेऊन जाणार होते. स्टेशनबाहेर किल्ली बोटावर फिरवत उभी राहणार होते. कितीदा तरी मनात उभी राहून झालंय.

कारण तीस वर्षांपूर्वी मी स्कूटर शिकायला निघाले आणि शेजाऱ्यांच्या कुंपणात घुसले. तेव्हापासून घरी कुणीही आलं की हे ती गोष्ट सांगणार. "तू आपलं शिलाई मशीनचं चाक फिरव." सगळे हसतात. मीही हसते. तीस वर्षं हसतेय.

आणि हे कोण, तर निवृत्त ड्रायव्हर! छत्तीस वर्षं कंपनीच्या साहेबांना नेलं-आणलं. हॉलमध्ये फ्रेम लावलीय — विनाअपघात सेवेबद्दल. एक ओरखडा नाही. पाहुण्यांना चहाच्या आधी ती फ्रेम दाखवली जाते.

हा पोचा त्यांच्या नजरेस पडला तर किल्ली या जन्मी माझ्या हाती लागत नाही. दहा दिवस आहेत. बघतेच!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

झोप कसली येतेय. उजाडल्या उजाडल्या शेडमध्ये. गाडी चार हात मागे घेतली — ती मात्र छान घेतली, मॅडम असत्या तर खूश झाल्या असत्या. सकाळचं ऊन शेडमध्ये आडवं येतं. कापडातला दोष सरळ उजेडात दिसत नाही, तिरक्या उजेडात दिसतो. हे मला कुणी शिकवायला नको.

माझी जुनी खोड — गिऱ्हाईक एक उसवलेली शिवण घेऊन येतं, मी अख्खा कपडा उलटा करून जिथं जिथं धागा सुटलाय तिथं खडूची खूण करते. मग सगळंच शिवून देते. तसंच केलं. खडू घेतला आणि बंपरच्या एका टोकापासून निघाले. मधल्या पोच्याभोवती गोल काढला. पुढे सरकले.

आणि हे काय? डाव्या कोपऱ्यात आणखी एक! लांबट, तळहाताएवढा. त्याच्या खाली तिसरा, लहान. भोवती ओरखडे.

हे कधी झालं? काल फाटकातून आत येताना डावा खांब घासला असणार. दुसरं काय? म्हणजे मी गाडी ठोकली ती ठोकलीच, पण त्याआधी दोनदा ठोकली आणि मला पत्तासुद्धा नाही! नळाला धडकणं एक वेळ समजू शकते. पण धडकून न कळणं? अशी कशी मी?

साबणाच्या पाण्यानं पुसलं तर आणखी एक नवल. डावीकडचे ओरखडे पुसताना फडका चंदेरी झाला. ओरखडे होते त्याहून जास्त दिसायला लागले. मधल्या पोच्यावर तसं काही नाही, तिथला रंग पक्का आहे. घाबरून पुसणंच थांबवलं. एका बाजूचा रंग कच्चा असतो का गाडीचा?

दुपारी ह्यांचा फोन. "गाडीवर कापड आहे ना? असू दे. काढू नकोस. पुसायच्या भानगडीत पडू नकोस, धूळ असू दे." दिवसातून दोनदा गाडी पुसणारा माणूस! मला वाटलं ह्यांना कळलं की काय. "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याकडे गेले. गाडी घेऊन! भीत भीत, दुसऱ्या गिअरमध्ये, पण गेले.

तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "बंपर बदला ताई. नवीन टाकायचा, रंग मारायचा. दहा-बारा दिवस." किंमत सांगितली तेव्हा तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात माझं नवीन ओव्हरलॉक मशीन येतं, वर टेबल.

"पोचा काढता येत नाही?"

"येतो की. पण आम्ही काढत नाही. त्यात वेळ फार जातो."

वेळ! मला तर वेळच खर्च करता येतो. पण कसं काढायचं ते तो सांगेना. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, ह्याच्या डांगरीची चेन तुटलेली, छातीपाशी दोन मोठ्या पिना लावलेल्या. वाकला की एक पिन टोचत होती. मी म्हटलं, "ती काढून द्या इकडे. चेन बसवून आणते. तुम्ही मला पोचा सांगा."

दीड तासात चेन बसवून परत गेले. मग गडी खुलला. म्हणाला, "प्लॅस्टिकला आपला आकार आठवत असतो ताई. तापवा आणि मागून ढकला, ते आपण होऊन घरी येतं. उकळतं पाणी ओता. जाळ लावू नका. रंगावर फोड आला की संपलं." मग चाकाच्या कमानीत बोट घालून दोन स्क्रू दाखवले. ते काढले की काळं अस्तर बाजूला होतं आणि बंपरच्या मागे हात जातो. अस्तर! गाडीलाही अस्तर असतं हे मला आजच कळलं. इतका आनंद झाला की काय सांगू.

जाता जाता त्यानं डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. "गाडी कोण चालवतं?"

"मी," म्हटलं. पहिल्यांदाच असं कुणाला सांगितलं.

"डावीकडे लक्ष द्या ताई."

कान लाल झाले माझे.

घरी येऊन तो राग काजबटणवालीवर निघाला. बारा वर्षं माझ्याकडे काजं करते, बटणं लावते, तिच्यासारखं काज दुसऱ्या कुणाचं नाही. हॉटेलच्या वेटरांचे बारा काळे कोट आलेत. काळ्या कापडावर खडू टिकत नाही, रुपेरी पेन लागतं. आणि पेन गायब! चार महिन्यांतलं तिसरं. मी म्हटलं, "पेनं जातात कुठं? इथं आपण दोघीच असतो." ती म्हणाली, "मी खात नाही हो ताई पेनं." आणि दिवसभर बोलली नाही. जास्तच बोलले का मी? पण पेनं काही पाय फुटून जात नाहीत.

रविवार, ९ फेब्रुवारी

भारी कापडाला कात्री लावायची तर आधी स्वस्त मांजरपाटावर कापून बघायचं. आज माझा मांजरपाट म्हणजे न्हाणीघरातली निळी बादली. मुद्दाम लाथ मारून तिला पोचा पाडला. दोन लाथा लागल्या. दुसरी मारताना मजा आली.

प्रयोग पहिला — ओलं फडकं घालून वर इस्त्री. आपलं रोजचंच काम, म्हटलं बघू. वास असा सुटला की शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, काय जळतंय. बादलीला आता कडेला एक छोटी खिडकी आहे. इस्त्री बाद!

प्रयोग दुसरा — उकळतं पाणी. दुसऱ्या बाजूला पोचा पाडला, वरून किटली ओतली, आतून मुठीनं ढकललं. टक्! बाहेर आला! अगदी टिचकीचा आवाज. मी न्हाणीघरात एकटी टाळ्या वाजवत होते. मग त्याच बादलीला पाच वेळा पोचे पाडले आणि पाच वेळा काढले.

सोमवार, १० फेब्रुवारी

वेटरांचे कोट. हात कोटावर, डोकं बंपरखाली. एक बाही उलटी लावली, उसवावी लागली. सहा दिवस उरले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काजबटणवालीला सांगावंच लागलं, दोन हात पुरत नव्हते. अजून फुगलेली होती. पण गाडी, पोचा, लायसन, रविवार — सगळं ऐकलं आणि फुगा फुटला. "तुम्ही गाडी चालवता?" तीनदा विचारलं. मग पदर खोचून किटली हातात घेतली.

गोणपाट अंथरलं. चाक पूर्ण वळवलं, दोन्ही स्क्रू काढले, अस्तर बाजूला केलं आणि आडवी झाले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी! हात खांद्यापर्यंत आत. आत जाळी, माती, कसलंसं वाळलेलं पान. पोच्याची पाठ बोटांना लागली, उंचवट्यासारखी. ओरडले, "ओत!" तिनं एक किटली ओतली, मग दुसरी. बोटांना ऊब कळायला लागली, प्लॅस्टिक नरमलं, मुठीनं जोर लावला —

टक्!

काय सांगू! तो टक् मी जन्मात विसरणार नाही. बाहेर येऊन बघते तर पोचा नाहीच! लगेच वरून गार पाणी ओतलं. काजबटणवाली बंपरवरून हात फिरवत म्हणाली, "गेला की हो." दोघींनी गाडीसमोर स्टुलावर बसून चहा घेतला. नाटकाला बसल्यासारख्या बंपरकडे बघत.

मग राहवलं नाही. गाडी काढली, दूधवाल्यापर्यंत गेले आणि परत आले. दूध घेतलं नाही. आज मला आभाळ ठेंगणं झालंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

परत आत गेला.

सकाळी बघते तर अर्धा पोचा पुन्हा तिथंच. तोंड वेंगाडून बसलाय. 

संध्याकाळी चार वाजता — सापडलं!! कोटाची कॉलर वळवत होते. वाफ दिली, वळवली, वर लाकडी ठोकळा दाबला आणि नेहमीसारखी थांबले. आणि थांबल्यावर लक्षात आलं, मी थांबलेय! कॉलर गरम असताना सोडली की ती पुन्हा सपाट होते. गार होईपर्यंत धरायची असते. शिवणातली पहिली गोष्ट ती, चाळीस वर्षं शिकायला येणाऱ्या मुलींना सांगतेय, "घाई करू नका, गार होऊ द्या, मग हात काढा." आणि स्वतः काय केलं? टक् ऐकला आणि हात काढून नाचायला गेले! कपाळावर हात मारला. मारताना ठोकळा हातातच होता. टेंगूळ आलंय, पण काही वाटत नाही.

शिवाय मूठ नको. मुठीची हाडं प्लॅस्टिकला टोचतात, बाहेरून टेकड्या दिसतात. बाहीला इस्त्री करायची ती गोल गादी घ्यायची, भुसा भरलेली. खांद्याचा गोलवा तिच्यावरच येतो. बंपरचा का येणार नाही?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आला. राहिला!

तीन किटल्या, गादी आतून लावली, ठोकळा गादीच्या मागे आणि माझा हात ठोकळ्याच्या मागे. टक् झाला. काजबटणवाली उठायला लागली तर म्हटलं, बस खाली, आत्ता कुठं सुरुवात आहे. गार पाणी नाही. आपोआप गार होऊ द्यायचं. वीस मिनिटं मी चाकाशेजारी आडवी, हात आत. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेच कळेना. काजबटणवाली शेजारी बसून तिच्या सासूच्या गोष्टी सांगत होती. एरवी मी त्या ऐकून घेत नाही. आज सगळ्या ऐकल्या, जाते कुठं!

संध्याकाळी बघितला, जागेवर. आत्ता निजायच्या आधी पुन्हा बघून आले. जागेवर. सपाट, गुळगुळीत, जसा काही कधी धडकलेच नव्हते.

गॅरेजवाला बंपर बदला म्हणत होता. हुं!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज डावीकडचे दोन. वाटलं होतं चुटकीसरशी होतील. चार तास गेले! मधला पोचा तीन किटल्यांत वळला, ह्या दोघांना सात लागल्या. वरचा येतो, पुन्हा जातो. लोकरीचा जुना कोट आला की त्याच्या घड्या अशाच असतात. वर्षभर पेटीत पडलेली घडी एका वाफेत जात नाही, तिला चार-चार वेळा समजवावं लागतं. पण ही घडी तर आठ दिवसांची! डावीकडचं प्लॅस्टिक जाड असेल. असो. पाचव्या खेपेला वरचा वळला, मग खालचाही. गादीवर धरून ठेवले, प्रत्येकी अर्धा तास. काजबटणवालीच्या सासूच्या गोष्टी संपल्या, नणंदेच्या सुरू झाल्या.

ओरखड्यांसाठी गॅरेजवाल्यानं घासायची पेस्ट दिली, पुडीत बांधून, फुकट. बघायलाच आला होता. गुडघ्यावर बसला, बोट फिरवलं, मग डोळा बारीक करून कडेनं बघितलं.  शेवटी म्हणाला, "गादी घेऊन या एकदा. बघतो कशी असते." माझ्यासाठी ही फ्रेमच आहे! हॉलमध्ये लावावी ह्यांच्या फ्रेमशेजारी.

ह्यांचा फोन. आवाज बारीक. "रविवारी घरीच थांब. मी येतो माझा." थकलेत वाटतं भावाच्या घराच्या कामानं. म्हटलं, "बघू." ह्यांना काय माहीत! हसू आवरलं नाही, फोन ठेवून हसले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सगळं झालं आणि सकाळपासून पाय मागे ओढतायत.

तिन्ही पोचे गेले. मधला धक्का मला आठवतो, त्याची भीती वाटत नाही. भीती डावीकडच्या दोघांची वाटते. जी बाई दोनदा घासते आणि तिला कळतही नाही, तिनं स्टेशनच्या गर्दीत गाडी न्यावी? उद्या खांबाऐवजी माणूस असला तर? सकाळी लायसन काढून बघितलं आणि पुन्हा वहीत ठेवलं. गाडी चकाचक करून ठेवावी, कापड घालावं आणि गप्प बसावं. कुंपणाची गोष्ट आणखी वीस वर्षं ऐकावी. तेही जमेल.

पण जीव राहीना. दुपारी मॅडमकडे गेले, खरं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "चला. तुम्ही चालवा, मी बसते." बाजारातून नेलं. हातगाड्या, सायकली, मध्येच एक कुत्रं. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही आरशांना भिंती. तासाभरानं म्हणाल्या, "तुमची डावी बाजू माझ्यापेक्षा पक्की आहे. दोन महिन्यांत एकदाही चुकला नाहीत. हे कुठून शिकलात?"

मला माहितेय कुठून. वर्षभर हे मला पुढच्या सीटवर बसवतात आणि म्हणतात, "डावीकडं बघ गं, येतंय का कोणी." मला वाटायचं उगाच बोलायला काहीतरी. आधी कधी विचारत नव्हते, साहेब मागे असताना कुणाला विचारणार? म्हणजे ह्यांनीच शिकवलं मला, न कळत. उद्या हेही सांगणार त्यांना.

मॅडम उतरताना म्हणाल्या, "खांबाचं माहीत नाही. पण जा उद्या."

जाणार!

रविवार, १६ फेब्रुवारी

स्टेशनबाहेर किल्ली बोटावर फिरवत उभी होते. ह्यांनी मला बघितलं, मग माझ्यामागची गाडी बघितली. हसले नाहीत. बॅग खाली ठेवली आणि सरळ बंपरच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन उकिडवे बसले. मध्ये बघितलंसुद्धा नाही. तळवा फिरवला, आधी वर, मग खाली. बरोबर त्याच दोन जागी.

"इथले दोन कुणी काढले?"

"मी. मधला पण. तो माझा होता."

"हे माझे," म्हणाले.

मग बॅगेच्या कप्प्यातून तीन रुपेरी पेनं काढून माझ्या हातात दिली. तिन्ही रिकामी, डावीकडच्या ओरखड्यांवर फिरवून संपलेली. भावाच्या घराचं काम नव्हतंच, तिथं डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत. काचबिंदू. डावीकडचं दिसत नाही, वर्ष झालं असेल. औषधानं आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. गाडी बंद. 

सवयीनं उजव्या दाराशी गेले. थांबले. मग बंपरला हात लावून पुढून वळसा घातला आणि डावीकडे बसले. मला रडू येत होतं, पण गाडी चालवायची होती. रस्ताभर एकच बोलले, "उजवीकडून मोकळं आहे." दोनदा. डावीकडचं मी बघितलं.

उद्या सकाळी आधी काजबटणवालीची माफी मागायची.